उघड्या हाताची अट

परसराम खोब्रागडे आणि झटका मशीन यांची पहिली भेट मोहाडीच्या आठवडी बाजारात झाली. त्या दिवशी बाजारात असलेले लोक अजूनही छातीवर हात ठेवून सांगतात की, मशीन पाहताच परसरामजी जे मागे सरले ते पार तुमसरच्या रस्त्याला लागले. तेही पाठमोरे. वाटेत त्यांनी वांग्यांचे ढीग, कोंबड्यांची टोपली आणि बांगड्यांचे आख्खे दुकान ओलांडले. एकही वांगे चेपले नाही, एकही बांगडी फुटली नाही, आणि टोपलीतल्या कोंबड्यांना तर आपल्यावरून कोणी गेले याचा पत्ताही लागला नाही. काही जण म्हणतात, ते तुमसरपर्यंत गेले आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले. हे मात्र खरे नसावे. एसटीत डोक्यावर विजेचा दिवा असतो, आणि परसरामजी विजेच्या दिव्याखाली सहसा बसत नाहीत.

मशीन त्या वेळी बंद होते. बंद म्हणजे खोक्यात होते, आणि खोके चिकटपट्टीने बांधलेले होते. त्यावर पिवळ्या त्रिकोणात विजेची एक काळी नागमोडी रेघ तेवढी छापली होती. परसरामजींना ती रेघ पुरली.

हा माणूस सारी नोकरी मोहाडीच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होता. साहेब यायच्या आधी खोलीतला पंखा लावणे हे शिपायाचे पहिले काम. परसरामजी पंखा छत्रीने लावत. लाकडी दांड्याची ती काळी छत्री बाराही महिने त्यांच्या काखेत असे. लोकांना वाटे, माणूस उन्हापावसाला जपतो. छत्रीने ऊन-पाऊस क्वचितच पाहिले. तिचा जन्म बटणे दाबण्यात गेला. बदली होऊन आलेल्या एका साहेबांना हा कचेरीचा जुना रिवाज वाटला, आणि त्यांनीही बिचाऱ्यांनी आठवडाभर पंखा छत्रीनेच लावला.

घरी बटणांच्या जवळ जाण्याचे काम त्यांच्या पत्नीचे, विमलाबाईंचे. मिक्सर सुरू झाला की परसरामजी अंगणात जाऊन उभे राहत आणि चटणी वाटून झाली का ते फाटकातून विचारत. मोबाइल चार्जिंगला लागला असताना वाजला तर तो वाजू देत. एकदा त्यांच्या सख्ख्या साळ्याचा फोन असाच वाजत राहिला, आणि सहा महिने सासरवाडीत बोलणे बंद होते.

पण या भीतीला नुसते हसून भागणार नाही. आपल्याकडे पावसाळा सरता सरता कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी येतेच. रानडुकरांपायी वैतागून कोणीतरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तार ओढलेली असते, खांबावरची लाइन तिच्यात सरळ सोडलेली असते, आणि सकाळी त्या तारेपाशी डुकराऐवजी माणूस पडलेला सापडतो. परसरामजींचा चुलतभाऊ असाच गेला. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उताणा पडला होता आणि त्याच्या हातात दातवणाची काडी तशीच होती. परसरामजी तेव्हा विशीत होते. ती काडी त्यांच्या डोळ्यांपुढून कधीच हलली नाही.

आणि अशा माणसाच्या घरी मुलगी जन्मावी, तिने भंडाऱ्याच्या आयटीआयला जावे, आणि पन्नास गोष्टी शिकायला असताना नेमका इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यावा!

ती मुलगी म्हणजे प्रतिक्षा. खिशाला टेस्टर लावून हिंडणारी, दातांनी वायर सोलणारी. ती खुर्चीवर चढून बोर्ड उघडू लागली की परसरामजी बाहेर निंबाखाली जाऊन बसत आणि आतला आवाज ऐकत. आवाज आला तरी भेव वाटे, नाही आला तर जास्त वाटे. ती शिकून बाहेर पडली आणि पुण्याकडच्या एका कारखान्यातून तिला बोलावणे आले. त्या दिवशी परसरामजींना कळले की करंटपेक्षाही मोठी भीती असते. घर असेल, अंगण असेल, विमलाबाई असतील, आणि सकाळी उठून पाहावे तर प्रतिक्षा नसेल. वायर सोलताना ती गुणगुणायची, तेही नसेल. त्यांना जेवण जाईना.

विमलाबाईंनी ही गोष्ट मुलीच्या कानावर घातली. प्रतिक्षा म्हणाली, "इथंच काम भेटलं त मी कायले जाऊन राहिली, बाबा? मले का पुण्याची हौस हाये?"

एवढ्या एका वाक्यावर परसरामजींनी झटका मशीनची एजन्सी घेतली. बाजारापाशी त्यांच्या नावावर एक गाळा होता. मोहाडीत डुकरांना तोटा नव्हता. 'जागल्या' नावाच्या एका कंपनीला तालुक्यात डीलर हवा होता. मशीन साधेच: एक डबा, आत बॅटरी, वर सूर्यावर चालणारी पाटी, आणि शेताभोवती तार. तारेत सतत करंट नसतो. डबा टक् करतो तेव्हा क्षणभर झटका येतो, डुक्कर केकाटत पळते, पण मरत नाही, आणि माणूसही मरत नाही. प्रतिक्षाला दुरुस्तीचे काम, परसरामजींना गल्ला. सगळे छान जुळले. फक्त दुकानात मशीन असणार होते, याकडे परसरामजींनी जिद्दीने डोळेझाक केली.

करार घेऊन कंपनीचा एरिया मॅनेजर आला, अश्विनसाहेब. नागपूरचा पोरगा, दाढी कोरलेली, बोलणे असे की मागे कोणी लागले आहे. परसरामजींच्या वडिलांनी मुलाला एकच इस्टेट दिली होती: पूर्ण वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. परसरामजींनी ती इस्टेट आजवर राखली होती. कचेरीत ते सुट्टीच्या अर्जाचा छापील मजकूरसुद्धा मोठ्याने वाचून मगच सही करीत. त्यांनी करार हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून खणखणीत आवाजात वाचायला घेतला. अश्विनसाहेबाने दोनदा घड्याळ पाहिले, एकदा जांभई दिली, आणि कलम सातपाशी तो भिंतीला टेकून डुलू लागला.

कलम नऊ होते प्रचार आणि प्रसिद्धीचे. डीलरने दुकानावर कंपनीचा फलक लावावा. डीलरने कंपनीचा टी-शर्ट घालावा. डीलरने आठवडी बाजारात भोंग्यावरून जाहिरात करावी. परसरामजींचा आवाज अजून चढाच होता. मग पुढचे पोटकलम आले आणि आवाज विहिरीत उतरत गेला: "डीलरने जमलेल्या शेतकऱ्यांसमोर, मशीन चालू असताना, तारेस स्वतः उघड्या हाताने स्पर्श करून, मशीन प्राणघातक नसल्याची त्यांची खात्री पटवून द्यावी, व त्याचा व्हिडिओ कंपनीस पाठवावा. प्रचाराच्या अटी न पाळल्यास एजन्सी रद्द करण्यात येईल."

त्यांनी अश्विनसाहेबाला हलवून उठवले आणि उघडा हात म्हणजे नेमका कसा हात, असे विचारले.

"म्हणजे हातमोजे चालणार नाहीत, परसरामजी," अश्विनसाहेब म्हणाला. "अहो, डीलरच भिला तर कास्तकार मशीन कशाला घेईल?"

"आन् मी नाई लावला त? पोरगी लावते ना माही."

"करारात डीलर तुम्ही. गाळा तुमच्या नावानं, सही तुमची, तर हात बी तुमचाच. नसेल जमत तर सांगा. मोहाडीत दुसरे दोघं विचारून राहिले."

गाळ्याच्या दारात प्रतिक्षा स्टुलावर चढून नवा दिवा बसवत होती आणि गुणगुणत होती. परसरामजींनी तिच्याकडे पाहिले आणि सही केली. ही सही पुढे ज्यांनी पाहिली ते सांगतात की ती खोक्यावरच्या त्या नागमोडी रेघेसारखीच आली होती.

फलक लागला. त्यावर एक रानडुक्कर आणि शेजारी परसरामजींचा फोटो. डुक्कर इतके आनंदी आणि परसरामजी इतके धास्तावलेले होते की तारेच्या आत कोणाला ठेवायचे असा गिऱ्हाईकाला प्रश्न पडावा. टी-शर्ट त्यांना गुडघ्यापर्यंत आला. भोंग्याच्या माइकलाही वायर असते, म्हणून त्यांनी तो बांबूला बांधून हातभर लांब ठेवला आणि दुरूनच ओरडले. बाजाराला फक्त ओरडणे ऐकू आले, ते भोंग्याशिवायही आलेच असते.

राहिली हात लावायची अट. पहिल्या बाजारी त्यांचा घसा धरला. दुसऱ्या बाजारी पाहुणे आले. मग पोळा आला. मग त्यांच्या अंगठ्याला ठेच लागली, आणि पायाच्या अंगठ्याचा हाताशी काय संबंध असे विमलाबाईंनी विचारले तेव्हा त्यांनी नस एकच असते असे उत्तर दिले. अश्विनसाहेबाचे फोन येऊ लागले. व्हिडिओ का आला नाही? वरचे साहेब विचारतात. या महिन्यात आला नाही तर माझ्या हातात काही राहत नाही, परसरामजी.

परसरामजी रोज सकाळी दुकान उघडत, मशीनपासून जेवढे लांब बसता येईल तेवढे लांब बसत, म्हणजे जवळपास शेजारच्या दुकानात, आणि तिथून त्या डब्याकडे पाहत राहत. डबा टक् करी. ते खुर्ची आणखी वीतभर मागे सरकवीत. दुपारच्या झोपेतही तो टक् येऊ लागला. हात पुढे जातोय असे दिसे, आणि तारेच्या पलीकडे बांधीत कोणीतरी उताणे पडलेले असे.

शेवटी एके दिवशी ते प्रतिक्षाला म्हणाले, "मले समजावून सांग बापा एकदा, हे करंट जाते कुठं."

प्रतिक्षाने हसू दाबून सांगितले. करंट तारेतून अंगात येते, अंगातून पायात, पायातून जमिनीत, आणि जमिनीतून परत मशीनमध्ये. असा फेरा पुरा झाला तरच झटका. "पायात जाड रबर असलं का रस्ता बंद. मंग तुमी तार धरून भजन म्हना, काई होत नाई."

परसरामजींनी त्याच दिवशी भंडारा गाठले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जेवढे जाड मिळतील तेवढे जाड गमबूट आणले. करार पुन्हा मोठ्याने वाचला. हात उघडा हवा असे होते. पायांबद्दल करार चकार शब्द काढत नव्हता.

पुढच्या बाजारी लोकांनी चमत्कार पाहिला. गुडघ्यापर्यंत टी-शर्ट, गुडघ्यापासून खाली गमबूट, असा तो मनुष्य तारेपाशी आला, डोळे गच्च मिटले, हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि तार धरली. डबा टक् टक् करीत होता. परसरामजी उभेच होते. एक डोळा उघडला. मग दुसरा. मग ते हसले, आणि प्रतिक्षाने व्हिडिओ काढला.

तालुक्यात त्यांचे नाव करंट परसराम पडले. बाया एकमेकींना दाखवीत की तो पाहा, तो झटका पिते. ज्या कचेरीत त्यांनी छत्रीने पंखा लावला तिथले लोक मुद्दाम बाजारात येऊन पाहून गेले. मशीनही खपू लागले. आता प्रतिक्षा दिवसभर गावोगाव तारा ओढत फिरे, संध्याकाळी तळव्यांना चिखल घेऊन घरी येई, आणि पुण्याचे नाव निघत नसे.

पण भीतीचे असे असते की तिला एका दाराने हाकलली तर दुसऱ्या दाराने येते. परसरामजींना आता करंटची नव्हे, गमबुटांची भीती लागली. तळाला भोक पडले तर? पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसे ते दर बाजाराच्या आदल्या दिवशी गमबूट बादलीत दाबून बुडबुडे येतात का पाहत. मग ते वाळवायला अंगणात बसत, कारण ओल राहिली तर ओलीतून करंट जाईल. उन्हात ठेवावे तर रबर तडकेल. सावलीत ठेवावे तर वाळणार नाही. विमलाबाई म्हणत की मी बाळंतपणात पोरीला एवढे जपले नाही.

आणि याहून मोठी भीती अशी की एखादा कोणी उठून म्हणेल, गमबूट काढा.

धान निसवायला आला, लोंब्या बाहेर पडू लागल्या, डुकरांचा जोर वाढला, आणि अश्विनसाहेबाचा फोन आला: हंगामाचा मोठा कार्यक्रम शहापूरला. नागपूरचे वरचे साहेब स्वतः व्हिडिओ पाहणार, आणि तो पाहून पुढच्या वर्षी कोणाची एजन्सी ठेवायची हे ठरवणार. शहापूर म्हणजे परसरामजींची सासरवाडी. विमलाबाईंनी ठेवणीतले पातळ काढले. माहेरी सगळ्यांना निरोप गेला की जावई करंट धरणार आहे, या.

कार्यक्रम विहाराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत होता. त्यापलीकडे लागून बांध्याच होत्या. आदल्या दिवशी दुपारी पाऊस चांगला पडून गेला होता, जमीन पावलागणिक पाणी सोडत होती. सतरंज्यांखाली ताडपत्री घातली होती. समोर टेबल, त्यावर पांढरे कापड, बुद्धमूर्ती, मेणबत्त्या आणि फुले. अश्विनसाहेबाला व्हिडिओत टेबलही यायला हवे होते, म्हणून त्याने तारेचे खांब टेबलाच्या अगदी जवळ रोवून घेतले.

कोणताही कार्यक्रम वस्तीत वंदनेशिवाय सुरू होत नाही. वंदना म्हटली की परसरामजी वेगळेच माणूस होतात. आवाज चांगला, पाठांतर पक्के, आणि शिस्तीला कडक. जावयाचा मान म्हणून वंदना त्यांनीच घ्यावी असे ठरले. ते ताठ पुढे गेले. सवयीने वाकले, गमबूट काढले, आणि नेऊन पार फाटकाजवळ, इतरांच्या चपलांच्या रांगेत नीट जोडीने ठेवले. एवढ्यावर थांबले नाहीत. धाकटा साळा बूट घालून टेबलाजवळ खुर्च्या लावत होता, त्याला सगळ्यांसमोर झापले, की शिकलेसवरलेले तुम्ही, दिवा लावलेल्या ठिकाणी पायात बूट शोभतात का? साळ्याने बूट काढून रांगेत नेऊन ठेवले.

मग त्यांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले. आवाज मळ्यापर्यंत गेला. विमलाबाई माहेरच्या बायांमध्ये मान वर करून बसल्या होत्या. वंदना संपली, साधू साधू साधू झाले, आणि अश्विनसाहेबाने माइकवर सांगितले की आता आपले परसरामजी प्रात्यक्षिक दाखवतील.

परसरामजींना प्रथम तळव्यांना गार लागले. त्यांनी खाली पाहिले. दोन उघडे पाय, आणि बोटांच्या फटींतून वर येणारे पाणी.

त्यांनी फाटकाकडे पाहिले. गमबूट तिथे उभे होते. जाऊन घालून यायला अडवत कोणी नव्हते. पण मेणबत्त्या जळत होत्या, टेबल तारेपासून हातभर अंतरावर होते, आणि साळा अनवाणी उभा राहून आपल्या भाऊजींकडे बघत होता.

"थोडं थांबू," परसरामजी पुटपुटले. "पाय पुसून घेतो."

"पाय कायले पुसता जी?" पुढच्या रांगेतून आवाज आला. तो मंगरूचा होता. मंगरू म्हणजे तलावाच्या पाटावरचा म्हातारा कास्तकार. त्याच्या निम्म्या बांध्या डुकरांनी लोळून सपाट केल्या होत्या. त्याच्या धाकट्या मुलाचा बैल लाइनच्या तारेला चिकटून मेला होता, आणि म्हणून अजून त्याने कसलीच तार बांधली नव्हती. तो उठून पुढे आला. "आमी का गमबूट घालून रोवणी करतो? आमच्या बाया पोरं चिखलातच रायतात. तुमी मोहाडीले गमबूट घालून धरता, हे आयकलं मी. आज चिखलात उभे हाये तसेच धरा. तुमी धरलं का मी धरतो. मी नाई मेलो त मशीन घेतो."

लोक हसले. कोणी म्हणाले, बुढ्याने बरोबर धरले. अश्विनसाहेबाने तर मोबाइल आणखी जवळ आणला. असा व्हिडिओ त्याला वर्षभरात मिळाला नव्हता.

परसरामजी तारेपाशी कसे पोहोचले ते त्यांना आठवत नाही. पाय आपोआप गेले असावेत. पायांचा या माणसावर काही जुना राग असेल. तार समोर होती. डबा टक् करीत होता. प्रत्येक टक् तळव्यांच्या खाली, मातीत, वाजल्यासारखा लागत होता. तळहात घामाने ओले झाले होते, आणि ओल्या हाताचे काय होते ते त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांना बांधीत उताणा पडलेला भाऊ दिसला. दातवणाची काडी दिसली. पळावे वाटले. पळून कुठे जायचे तेही दिसले: मोहाडीचा गाळा, त्यावर दुसऱ्या कोणाचा फोटो, आणि घरात न वाजणारे गुणगुणणे. मग ते पळणेही नको झाले. पुढे जाता येईना, मागे जाता येईना, आणि उभे राहवेना.

डब्यापाशी प्रतिक्षा बसली होती. तिने बापाचे पाय पाहिले होते. ती वाकून तार तपासल्यासारखे करीत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, बंद करून देऊ का? कोनाले समजत नाई."

परसरामजींना हो म्हणायचे होते. सगळ्या अंगातून हो म्हणायचे होते. पण घशातून आवाज निघेना, आणि त्यांची मान भीतीने डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी लटलट हलत राहिली.

प्रतिक्षाने ती मान पाहिली. बाबा नाही म्हणताहेत. अनवाणी, चिखलात, तरीही बंद नको म्हणताहेत. तिचे डोळे भरून आले. ती डब्यापाशी परत गेली, बटणाला हात लावला नाही, आणि आपल्या बापाकडे अशा नजरेने पाहिले की तशी नजर परसरामजींनी जन्मात स्वतःकडे वळलेली पाहिली नव्हती.

आता मात्र इलाज उरला नाही. त्यांनी डोळे मिटले आणि तार धरली.

टक्.

"विमल!"

ही हाक मळ्यातल्या बगळ्यांनी ऐकली, हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी ऐकली. लग्न झाल्यापासून परसरामजींनी चारचौघांत बायकोला नावाने हाक मारली नव्हती. "प्रतिक्षाची माय" हेच तिचे नाव होते, आणि सासरवाडीत तर तेही नव्हते, तिथे नुसते खाकरणे होते. आख्खे माहेर विमलाबाईंकडे वळले. विमलाबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्या रडत होत्या की हसत होत्या यावर शहापुरात दोन मते आहेत.

परसरामजी चार पावले मागे जाऊन चिखलात बसले होते. त्यांनी आधी उजवा हात पाहिला. मग डावा. छातीवर हात ठेवला. आत काहीतरी बैलगाडीसारखे धडधडत होते, पण चालू होते. कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. त्यांनी वर पाहून प्रतिक्षाला विचारले, "मी जिता हावो ना?"

"हाये, बाबा."

मंगरूने मग धोतर वर खोचले, पुढे होऊन तार धरली आणि झटक्यासरशी हात मागे घेतला. "मोठा मुंगळा डसते तसं हाये," त्याने जमलेल्यांना सांगितले, आणि एक मशीन लिहून घ्यायला लावले. मग रांग लागली. म्हातारे, तरणे, धीट बाया, सगळे एकेक करून हात लावत, किंचाळत आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहत. साळ्याने तीनदा लावला. परसरामजी तेवढा वेळ टेबलापासून लांब एका खुर्चीवर, पाय वर घेऊन, बायांनी आणून दिलेला चहा पीत बसले होते. कोणी पाठीवर थाप मारली की ते दचकत.

अश्विनसाहेबाने व्हिडिओ नागपूरला पाठवला. परसरामजींची एजन्सी कायम राहिली, आणि प्रतिक्षाने पुण्याला येत नाही म्हणून कळवून टाकले.

पुढच्या हंगामात कंपनीचा नवा करार आला. परसरामजींनी तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. तारेला हात लावायची अट त्यात नव्हती. जिल्ह्यातल्या बाकीच्या कुठल्याच डीलरने ती कधी पाळली नव्हती, त्यांच्या एजन्सीही चालूच होत्या, म्हणून कंपनीने ती काढून टाकली होती.